सरासरीखालचा माणूस

केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्या आमच्या बहुतेक वाचकांस सातव्या वेतन आयोगाचा १८,००० हा आकडा तोंडपाठ असेल. किमान वेतनाचा हा आकडा आयोगाने २०१५ सालच्या अहवालात कोणत्या पायावर उभा केला, ते पाहण्याची तसदी मात्र थोड्यांनीच घेतली असावी. तो पाया अन्नाचा आहे. नवरा एक एकक, बायको ०.८ एकक, चौदा वर्षांखालील दोन मुले प्रत्येकी ०.६ एकक, अशी तीन एककांची एक गृहस्थी कल्पावयाची. प्रत्येक एककास पोटभर धान्य, डाळ, भाजी, दूध किती लागेल ते ठरवावयाचे. त्यांचे बाजारभाव लावावयाचे. वर कापडचोपड, सरपण-दिवाबत्ती आणि इतर खर्च मिळवावयाचा. ज्या गृहिणीने हे सारे शिजवावयाचे तिच्या भुकेचा पाचवा हिस्सा कागदावरच कापला जातो, याचे आम्हांस पहिल्या वाचनी नवल वाटले. परंतु त्याहून मोठे नवल पुढे आहे.

हा हिशेब नवा नव्हे. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे जे निकष ठरविले त्यांत मध्यम श्रमाच्या प्रौढ भारतीयास दिवसाला २,७०० उष्मांक हवेत, असे डॉ. ॲक्रॉयड यांच्या शिफारशीवरून धरले होते. दुसऱ्या वेतन आयोगाने हे निकष जसेच्या तसे उचलले नाहीत. त्याने महिना ८० रुपयांवर किमान वेतन थांबविले. जुलै १९६० मधील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पाच दिवसांच्या संपामागे जी कारणे होती त्यांत गरजेवर आधारलेल्या वेतनाची मागणी प्रमुख होती. एका आहारशास्त्रज्ञाचा एक आकडा. त्यापायी तारा थांबल्या, टपाल थांबले. म्हणून आम्हांस प्रश्न पडला की, दिवसाला बरोबर २,७०० उष्मांकांची भूक असलेला तो माणूस आहे तरी कोण? तो कोणत्या कचेरीत काम करतो? या प्रश्नाचा माग काढीत गेल्यावर हाती लागले ते दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचे भांडण. ते पुण्यात झाले आणि त्यात देशातील किती माणसे उपाशी आहेत हा प्रश्न पणाला लागला होता.

आरंभ मात्र निलगिरीच्या डोंगरातला आहे. कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतील एका खोलीत १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीचे काम सुरू केले. त्या खोलीतूनच पुढे आहार संशोधन प्रयोगशाळा वाढली. १९५८ साली ती हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. मॅककॅरिसन यांचा उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एकाच जातीचे, एकाच वयाचे उंदीर घेऊन त्यांनी त्यांचे गट पाडले आणि एकेका गटास हिंदुस्थानातील एकेका समाजाचा आहार दिला. पिंजरे सारखे, हवा सारखी, पाणी सारखे. फरक फक्त ताटातला. शेवटी वजने केली तेव्हा शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत भरले, त्यांच्या मागे पठाणांचे, तिसरे मराठ्यांचे, पुढे गुरखे, कानडी, बंगाली, आणि तळाशी मद्रासी. भाकरी-पिठल्याच्या उंदरांनी तिसरा क्रमांक पटकाविला याचा अभिमान ज्यास वाटेल त्याने खुशाल बाळगावा. या प्रयोगाचे खरे मर्म त्या क्रमांकात नसून पिंजऱ्यांच्या सारखेपणात आहे. दोन गटांमध्ये एका गोष्टीखेरीज कशाचाही फरक नसेल, तरच उरलेल्या फरकाचे कारण म्हणून त्या एका गोष्टीकडे बोट दाखविता येते.

माणसाला पिंजऱ्यात ठेवता येत नाही. शीख आणि मद्रासी माणसांत आहाराखेरीज हवामान, रोगराई, कमाई, कामधंदा असे शंभर फरक असतात. म्हणून माणसांच्या आहाराचा अभ्यास प्रयोगशाळेतून बाहेर पडून दारोदार गेला, आणि त्याची सूत्रे हळूहळू वैद्यांच्या हातून मोजणाऱ्यांच्या हाती आली. १९३५ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे संचालक झालेले वॉलेस ॲक्रॉयड हे या संक्रमणातले गृहस्थ. भारतीय अन्नपदार्थांतील पोषणमूल्यांची त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेली कोष्टके पुढे कित्येक वर्षे वापरात होती. कोष्टक हाती आले, की घरात किती जिन्नस शिजला ते मोजून किती उष्मांक पोटात गेले हे सांगता येते. परंतु किती हवे होते?

येथे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा प्रवेश होतो. १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवी, १९३३ साली लंडनला प्रयाण, युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमान आणि पिअर्सन यांच्या सहवासात नमुना पाहणीच्या शास्त्रावर काम, १९३६ साली डॉक्टरेट. परतल्यावर कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेत काही काळ घालवून १९४० साली ते दिल्लीस कृषी संशोधन परिषदेत आले आणि १९५१ पर्यंत येथेच राहिले. दिल्लीकर मराठी मंडळींनी पुसाकडे जाताना हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे की, तेथे आज उभी असलेली कृषी सांख्यिकीची संस्था ज्या शाखेतून वाढली ती शाखा त्या काळात सुखात्म्यांनी आणि त्यांच्या मागून पानशांनी नावारूपास आणली. पानसे-सुखात्मे यांचे १९५४ सालचे संख्याशास्त्रावरील पुस्तक शेतकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले आहे.

दिल्लीतील त्या वर्षांतली एक गोष्ट आमच्या विषयास फार उपयोगी आहे. पिकाचे उत्पन्न अजमाविण्यासाठी शेतातला एक लहान तुकडा आखून तेवढेच पीक कापावयाचे आणि त्यावरून एकरी उतारा काढावयाचा, ही कापणी-प्रयोगाची पद्धत. तुकडा किती मोठा असावा? बंगालमध्ये महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. थोड्या श्रमात पुष्कळ तुकडे कापता येतात, हा त्यांचा युक्तिवाद. सुखात्म्यांनी निरनिराळ्या मापांचे तुकडे कापून दाखविले की, तुकडा जितका लहान तितका उतारा फुगतो. कारण साधे आहे. कडेवर उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर, हे ठरविणाऱ्या माणसाचा हात नकळत ते आत ओढतो. आणि लहान तुकड्यास क्षेत्राच्या मानाने कड फार. अशी चूक शेकडो तुकडे कापून सरत नाही. चुका दोन जातींच्या असतात. एक कधी इकडे तर कधी तिकडे पडणारी. ती संख्या वाढविली की आपापसांत फिटते. दुसरी नेहमी एकाच अंगास झुकणारी. ती संख्या वाढविल्याने अधिकच खात्रीने चुकते. आम्ही ज्या तक्त्यांच्या नकला करण्यात उमेदीची वर्षे घालविली, त्यांत दुसऱ्या जातीच्या चुका किती असतील, याचा विचार मनात आला की फार झोप येत नाही.

१९५१ नंतर सुखात्मे रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते संचालक झाले. त्या संघटनेचे पहिले प्रमुख लॉर्ड बॉइड ऑर यांनी १९५० साली जगातील दोन तृतीयांश माणसे आयुष्यभर भुकेलेली वा कुपोषित असतात असे लिहिले होते, आणि ते वाक्य सर्वतोमुखी झाले होते. वाक्य करुणेने ओथंबलेले, हेतूही चांगला, पण मोजमाप? देशाची दरडोई सरासरी दरडोई गरजेच्या खाली आली, की तो सारा देश भुकेला धरावयाचा, अशी ती रीत होती. सुखात्म्यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे जो निबंध वाचला त्यात ही रीत बदलली. सरासरीबरोबर तिच्या दोन्ही अंगांस माणसे किती पसरली आहेत हेही पाहिले पाहिजे, असे त्यांनी मांडले. त्यांच्या हिशेबाने पोटभर उष्मांक न मिळणारी माणसे जगात शेकडा दहा ते पंधरा निघाली. निकस आहार जमेस धरला तर सुमारे निम्मी.

हा मुद्दा एका कल्पित गावावरून सांगतो, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. समजा, एका गावात शंभर पुरुष आहेत. अंगकाठी, काम, शरीराची ठेवण यांमुळे प्रत्येकाची गरज वेगळी. सरासरी गरज २,८०० उष्मांक, आणि पसारा दर्शविणारे प्रमाण विचलन ४०० उष्मांक. आता प्रत्येक जण स्वतःच्या गरजेइतके, ना कमी ना अधिक, जेवतो असे धरा. गावात एकही उपाशी नाही. परंतु कारकून येतो, २,८०० ची रेघ मारतो, आणि रेघेखाली पन्नास माणसे मोजून निम्मे गाव उपाशी असल्याचा अहवाल धाडतो. सुखात्म्यांचे म्हणणे असे की, रेघ सरासरीवर न मारता तिच्याहून दोन विचलने खाली, म्हणजे आमच्या गावात २,००० वर, मारावी. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसांत तिच्याखाली शंभरांत दोन-तीनच सापडतील. तेव्हा तिच्याखाली कोणी आढळला तर तो बहुधा खरोखरच उपाशी.

तर्क बिनतोड दिसतो. पण याच गावात एक हमाल आहे, त्याची गरज ३,२०० आहे आणि त्यास मिळते २,४००. नवी रेघ त्यास पोटभर जेवलेल्यांत मोजते. पहिली रेघ धडधाकट माणसास उपाशी ठरविते, दुसरी उपाशी माणसास धडधाकट. तिसरी रेघ कोठेही मारली तरी दोहोंपैकी एक अन्याय घडतोच. आणि कोणता अन्याय पतकरावा, हे कोणतेही कोष्टक सांगत नाही.

जानेवारी १९७१ मध्ये मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत दोन अंकांतून एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. लेखक होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक विनायक महादेव दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ. दांडेकर हेही साताऱ्याचेच. १९२० चा जन्म. दरडोई दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्यास किती खर्च येतो, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढले. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यातील शेकडा ४० आणि शहरातील शेकडा ५० माणसे या मर्यादेखाली होती. दिवसाला माणशी आठ आणे! त्या आठ आण्यांनी विधिमंडळे, वर्तमानपत्रे, नियोजन आयोग, सर्वांस बोलते केले, आणि दारिद्र्यरेषा हा शब्द घरोघर झाला.

रोमहून निवृत्त होऊन सुखात्मे पुण्यास स्थायिक झाले होते. १९७८ साली त्यांनी त्याच साप्ताहिकात हा हिशेब तपासावयास घेतला; १९८१ साली तर दांडेकर आणि सुखात्मे यांचे लेख दोन आठवड्यांच्या अंतराने, एकाच मथळ्याखाली, एकमेकांसमोर उभे ठाकले. सुखात्म्यांचा आक्षेप आम्ही वर सांगितला तोच: सरासरी गरजेवर रेघ मारल्याने भूक फुगविली जाते. दांडेकरांचे उत्तर, आमच्या समजुतीप्रमाणे थोडक्यात असे: आम्ही एकेका माणसाचे पोट मोजीत नसून एकेका खर्चगटाची सरासरी मोजीत आहोत. गटात जाड, बारीक, कष्टकरी, बैठे असे सर्व आले. त्यांच्या गरजांतील कमीअधिकपणा सरासरीत फिटतो. गटाची सरासरी गटाच्या सरासरी गरजेहून कमी भरली, तर त्या गटातील कोणीतरी खचितच पोट मारीत आहे. आणि मोजावयाचे आहे ते दारिद्र्य. दारिद्र्य म्हणजे नुसती भूक नव्हे.

दोघांचे लेख वाचताना आमचे मत कितीदा पालटले हे सांगण्यात संकोच नाही. एकाचा लेख मिटला की तोच खरा; दुसऱ्याचा उघडला की दुसरा. शेवटी ध्यानात आले की दोघांचे गणित बरोबरच आहे, आणि भांडण गणिताबाहेरच्या एका गोष्टीवर आहे. कमी जेवणारा माणूस कमी का जेवतो? त्याची गरजच कमी आहे म्हणून जेवत असेल, तर खाणे आणि गरज ही दोन्ही हातात हात घालून चालतात, आणि सुखात्मे खरे. खिशात पैसा नाही म्हणून कमी जेवत असेल, तर खाण्याचा गरजेशी संबंध तुटतो, आणि दांडेकर खरे. पाहणीच्या तक्त्यात किती खाल्ले याचा रकाना असतो. का खाल्ले नाही याचा नसतो.

सुखात्म्यांनी पुढे आणखी एक पाऊल टाकले. ब्रिटिश सैनिकांच्या रोजच्या खाण्याच्या आणि श्रमाच्या ज्या नोंदी एडहोल्म यांनी ठेवल्या होत्या, त्यांवरून दिसत होते की एकच माणूस आज भरपूर खातो, उद्या बेताचे, आणि त्याचे खाणे त्या दिवशीच्या श्रमाशी जुळत नाही. कॅलिफोर्नियातील शेल्डन मार्गेन यांच्यासह सुखात्म्यांनी १९८२ साली असे प्रतिपादन केले की, ही चढउतार निव्वळ गोंधळ नसून शरीर मिळालेल्या उष्मांकांचा वापर काटकसरीने अथवा सढळपणे करून तोल सांभाळते. यातला पहिला भाग निर्विवाद आहे आणि प्रत्येक पाहणी करणाऱ्याने तो गाठीस बांधावा. केवळ एका दिवसाच्या नोंदीवर विसंबले, तर एकादशीच्या दिवशी मोजलेला माणूस उपाशी आणि द्वादशीला मोजलेला खादाड ठरतो. माणसामाणसांतील फरकावर दिवसादिवसांतील फरकाची पुटे चढतात आणि पसारा खोटा वाढतो. दुसरा भाग मात्र अनेकांस पटला नाही. मूठभर, चांगल्या पोसलेल्या सैनिकांची काही आठवड्यांची नोंद. तिच्यावरून वर्षानुवर्षे अर्धपोटी राहणाऱ्या शेतमजुराच्या शरीराविषयी किती बोलावे?

या ठिकाणी हैदराबादचे डॉ. सी. गोपालन यांचे स्मरण करणे प्राप्त आहे. गंमत अशी की, थोड्याच वर्षांपूर्वी हे दोघे एकाच बाजूस होते. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांच्या टंचाईचे संकट येत असल्याची हाकाटी केली, तेव्हा सुखात्म्यांनी आकड्यांनी दाखविले की, आपल्या डाळ-धान्याच्या जेवणात उष्मांक पुरे पडले की प्रथिने बहुधा आपोआप पुरी पडतात. आणि गोपालन यांनी सहकाऱ्यांसह लहान मुलांच्या एका गटास चौदा महिने रोज ३१० उष्मांकांचा जादा खाऊ दिला, ज्यात प्रथिने जेमतेम तीन ग्रॅम होती. खाऊ न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत ती मुले उंचीने आणि वजनाने पुढे गेली. मॅककॅरिसन यांच्या पिंजऱ्यांचा न्याय येथे माणसाच्या लेकरांस, पिंजऱ्याविना, लावला गेला होता. परंतु लहान चण ही शरीराने केलेली निरुपद्रवी तडजोड आहे, अशा अर्थाचे प्रतिपादन अमेरिकेच्या डेव्हिड सेकलर यांनी सुरू केले आणि सुखात्म्यांच्या तोल सांभाळण्याच्या सिद्धांताचा त्यास आधार मिळू लागला, तेव्हा गोपालन कडाडले. खुजेपणा निरोगी असतो तो फक्त गरिबांसाठीच काय, असा त्यांच्या १९८३ सालच्या लेखाचा रोख होता. शरीर जुळवून घेते हे खरे. पण त्याची किंमत कमी श्रमाने, कमी वाढीने चुकवून.

सुखात्म्यांस गरिबांची कणव नव्हती असा अर्थ कोणी काढू नये. रोगट परिसर आणि दूषित पाणी यांमुळे खाल्लेले अंगी लागत नाही, हे ते आग्रहाने सांगत; केवळ धान्य वाटून कुपोषण हटणार नाही, ही त्यांची खंत होती. तथापि खालची रेघ हाती आली की तिचा उपयोग कोण कशासाठी करील, हे रेघ मारणाऱ्याच्या हाती राहत नाही. शिधापत्रिकांची संख्या कमी करू पाहणाऱ्या कचेरीस अशी रेघ फार आवडते.

नंतरच्या काळाने दोघांनाही थोडेथोडे न्याय दिले. नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९७९ साली खेड्यास २,४०० आणि शहरास २,१०० उष्मांक हे सरासरीचे मापच स्वीकारले. २००९ साली सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने दारिद्र्यरेषेचे उष्मांकांशी असलेले नाते सोडविले. रोमची संघटना जगातील उपाशी माणसांचा जो वार्षिक आकडा प्रसिद्ध करते, त्याची रीत सुखात्म्यांच्या १९६१ सालच्या निबंधातूनच वाढलेली आहे. लहान चणीविषयी मात्र निकाल गोपालन यांच्या बाजूने लागला असे आम्हांस वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीचे जे प्रमाण ठरविले, त्यासाठी सहा देशांतील सुस्थितीतील मुले मोजली होती. त्यांत दक्षिण दिल्लीची मुले होती, आणि ती नॉर्वे-अमेरिकेच्या मुलांबरोबरीने वाढत होती. आणि पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नवजात बालके मोजली, तेव्हा सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. आमची बाळे सर्वच अंगांनी सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी जवळजवळ शाबूत. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही ठेवण वजनाच्या एका आकड्यात कधी दिसली नसती.

राष्ट्रीय नमुना पाहणीचे प्रपत्र ज्यांनी पाहिले असेल त्यांस ठाऊक आहे की, जिन्नसांची मोजणी चुलीपाशी होते. गेल्या तीस दिवसांत घरात तांदूळ किती लागला, गूळ किती. घरची बाई आठवून सांगते आणि अन्वेषक लिहितो. मालकाच्या वाड्यात दुपारी सालगडी ओसरीवर बसून भाकरी खातो. ती भाकरी मालकाच्या चुलीवर भाजलेली, म्हणून मालकाच्या घरात मोजली जाते. श्रीमंताचे उष्मांक त्या प्रमाणात वाढतात, आणि सालगड्याच्या घरचे तितकेच कमी दिसतात. ही चूक दुसऱ्या जातीची. अशी जेवणे वेगळी नोंदविण्यासाठी पुढे प्रपत्रात रकाने आले. महिन्याभरात घरातील कोणी किती वेळा बाहेर जेवले, ते त्यांत भरावयाचे असते. सालगड्याची बायको तो आकडा अंदाजाने सांगते, कारण त्या वेळी तो शेतावर असतो.